लाईट गेली की जाग यायची

मी समुपदेशक. गणपती झाले की साधारण पंधरा दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, दिवाळीनंतर परत येतो आणि लग्नसराईत तर विचारूच नका. "मॅडम, कानात आवाज येतोय, हा बंद कधी होणार?" कुणाच्या कानात रातकिडा असतो, कुणाच्या कुकरची शिट्टी, एक बाई म्हणाल्या पूर्वी टीव्हीवर कार्यक्रम संपले की टूंऽऽ वाजायचं ना, अगदी तस्सं. सांगली-मिरजेतली डॉल्बीपुढं नाचलेली पोरं असतात (मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे बाहेरच्यांना खोटं वाटतं), कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर काम करणारे असतात, आणि विट्याकडचे यंत्रमागवाले असतात. सगळे कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलेले, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की याला गोळी नाही, सवय करून घ्या. सल्ला बरोबरच आहे हो, पण सवय करायची कशी हे सांगायला ओपीडीत कुणाला वेळ नसतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते, संपतरावांच्या निमित्तानं. नाव बदललंय. विटा बदललं नाही, विट्यात मागवाले इतके आहेत की कुणाला पत्ता लागायचा नाही.

संपतराव ४७ वर्षांचे, आठ माग, खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणून मजुरीवर कापड विणून द्यायचं. जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला. कान आतून झिजत असणारच पण ते कळलं नव्हतं, मग पुतण्याच्या वरातीत दोन तास डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहिले, पाव्हणे म्हणून पुढंच उभं राहावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जो किर्रर्र सुरू झाला तो आठ महिने झाले तरी तसाच. तासगावमार्गे एसटीनं आले होते, बायकोला घेऊन. ते काहीच बोलेनात, वहिनीच सांगत होत्या, रात्री दोनला उठून दारात जाऊन बसतात, जेवण कमी झालंय, पोरांवर खेकसतात. शेवटी ते बोलले ते एवढंच, "मॅडम, मला एकच सांगा. बंद होणार का न्हाय? बंद झालाच पायजे, त्याबिगर मला झोप लागायचीच न्हाय."

त्या वाक्यातले दोन 'च' मी वहीत गोल करून ठेवले. माझी ही जुनी खोड आहे. आमच्या कामात अल्बर्ट एलिस नावाचे एक अमेरिकन मानसतज्ज्ञ आजोबा होऊन गेले, माणूस घटनेनं जेवढा पिचतो त्याहून जास्त तो त्या घटनेबाबत धरलेल्या हट्टानं पिचतो असं त्यांचं म्हणणं, आणि मला नेहमी वाटतं मराठीत त्यांचं काम फार सोपं झालं असतं कारण आपला हट्ट एका अक्षरात मावतो. झालाच पाहिजे. लागायचीच नाही. पण हे मी पहिल्या दिवशी बोलले नाही. आधी "जीव नकोसा वाटतो का?" हे सरळ विचारलं. ते विचारायला लाजू नये, घरच्यांनीही. संपतराव म्हणाले, "तेवढं न्हाय, पोरगी बारावीला हाय." बरं वाटलं.

मग रिपोर्ट बघितला. ऑडिओग्रामवर, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्या आलेखावर, ४००० हर्ट्झला खड्डा, मोठ्या आवाजानं कान गेल्याची ही ठरलेली खूण. त्यांना मी असं सांगितलं की कानाच्या आत शंखासारख्या नळीत पंधरा हजारांच्या आसपास केसाळ पेशी असतात, उभ्या जोंधळ्यासारख्या. वादळ आलं की जोंधळा लोळतो, थोडा परत उठतो, थोडा मोडतो. माणसाच्या कानातला मोडलेला जोंधळा परत उगवत नाही. मग त्या पट्टीतला आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही आणि मेंदू काय करतो, तर स्टेशन लागत नाही म्हणून रेडिओचा व्हॉल्यूम वाढवत बसतो, आणि जी खरखर ऐकू येते ती तुमचा किर्रर्र. "म्हंजी आवाज कानात न्हाय, डोक्यात हाय?" मी म्हटलं हो, पण वेडाचा नाही, यंत्रणेचा. हे ऐकून वहिनींनी डोळे पुसले, त्यांना कुणीतरी भलतंच सांगितलं होतं.

आता संपतराव काय काय करत होते ते ऐका, कारण दहातले आठ जण हेच करतात. रात्री कानात कापूस, त्यात लसणाचं कोमट तेल (कृपा करून कानात काही घालू नका). पंखा बंद, खिडक्या बंद, मागांपासून लांब म्हणून मागच्या खोलीत एकटे झोपायला. भजनाला जाणं बंद. सकाळी डोळे उघडले की हलायचं नाही, श्वास धरून आधी बघायचं, आहे का गेला? गेलेला नसायचाच. दिवसाची सुरुवातच नापास होऊन.

शांततेत हा आवाज पसरतो, हे लोकांना उलटं वाटतं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकायला चांगल्या असलेल्या ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते लिहायला सांगितलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं, शिट्टी, गुणगुण, किर्र. म्हणजे पूर्ण शांतता दिली तर जवळपास प्रत्येकाचा कान काहीतरी वाजवतोच. संपतराव तर रोज रात्री स्वतःच तशी खोली बांधत होते.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली, सांगूनच टाकते. म्हटलं, दुर्लक्ष करायला शिका. ती वैद्याची गोष्ट माहीत आहे ना, औषध घेताना माकड आठवायचं नाही? तेच झालं. आठवड्यानं आले ते जास्त थकून. "दुर्लक्ष करतो, मग बघतो झालं का दुर्लक्ष, तर त्यो हाय तिथंच."

तिसऱ्या भेटीत मला काहीच सुचत नव्हतं, खरं सांगते, म्हणून मी सहज विचारलं लहानपणी कुठं झोपायचा.

"मागाच्या भिंतीला लागूनच की. पलीकडं चार माग, रातपाळी चालायची."

"झोप यायची?"

"हे काय इचारणं झालं! झक्कास यायची. उलट लाईट गेली की जाग यायची. माग थांबलं की आजी उठायची, बा उठायचा, आम्ही पोरं उठून बसायचो. लाईट आली, धोटा सुरू झाला की परत ढाराढूर."

"मग रात्रभर तो खडखडाट ऐकू येत होता?"

"न्हाय की." आणि ते थांबले. बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसले, एका बोटानं तो थोडा फिरवला, परत जागेवर ठेवला. मी जीभ दाताखाली धरून गप्प. आमच्या धंद्यात बोलण्यापेक्षा हे अवघड असतं. मग हळू म्हणाले, "आवाज तर व्हता. म्या ऐकतच न्हवतो."

आणि वहिनी पटकन म्हणाल्या, "आन् त्यो केवढा! ह्यो तर रातकिड्याएवढा."

सोळा वर्षं मी हे लोकांना वेगवेगळ्या शब्दांत समजावतेय, विट्याच्या बाईनं एका ओळीत संपवलं. मी फक्त पुढचा प्रश्न विचारला (तो बरा विचारला असं मला अजून वाटतं): मागाचा आवाज म्हणजे तुमच्या घरात काय होतं? "भाकरी," ते म्हणाले, "माग चालू म्हंजी समदं बरं हाय. थांबला म्हंजी घोर." आणि हा किर्रर्र म्हणजे? "म्हंजी कान चाललाय. उद्या बहिरा झालो तर मागाचा बिघाड कळणार न्हाय, धंदा बसंल." बघा, कान तोच, माणूस तोच. एका आवाजाचा अर्थ घर चाललंय, म्हणून मेंदूनं त्याच्यावरचा पहारा उठवला. दुसऱ्याचा अर्थ घर बुडतंय, म्हणून मेंदू रात्री दोनला पण बंदूक घेऊन उभा. पहारेकऱ्याला दुर्लक्ष कर म्हणून चालत नाही, चोर नाही हे त्याला पटावं लागतं. आणि खरोखर चोर नव्हता, हा आवाज स्वतः कान खराब करत नाही, तो झालेल्या नुकसानीची खरखर आहे. वाढवतं काय, तर पुढचा मोठा आवाज.

तिथून पुढचं काम सोपं नव्हतं पण सरळ होतं. पहिलं म्हणजे रात्रीची शांतता मोडायची. पंखा चालू, कापूस बंद, आणि बारीक आवाजात काहीतरी लावून झोपायचं, इतकं बारीक की किर्रर्र त्यात पूर्ण बुडू नये, दोन्ही शेजारी शेजारी ऐकू यावेत. पूर्ण बुडवला तर मेंदूला त्याची सवय व्हायला तो सापडतच नाही. मी मोठ्या हौसेनं मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज सुचवला, आपल्या मिरजेचे तंबोरे जगभर जातात, त्या जवारीच्या गुंजनासारखं दुसरं काय असणार! संपतराव म्हणाले भजनाला बसल्यागत वाटतं, झोप उडते. मग पावसाचा आवाज, तर म्हणाले सारखं लघवीला उठावं लागतं. शेवटी मुलीनं डोकं चालवलं, कारखान्याच्या भिंतीबाहेर मोबाईल ठेवून मागांचा आवाज रेकॉर्ड केला, भिंतीआडून येतो तसा, लांबचा. तो उशाशी बारीक लावला आणि चौथ्या रात्री हे सलग पाच तास झोपले. माझा तंबोरा राहिला बाजूला.

दुसरं, त्या 'च'वर काम. "आवाज बंद झालाच पाहिजे" च्या जागी "बंद झाला तर बरं, नाही झाला तर त्याच्यासकट झोपेन". वाचायला किरकोळ वाटतं, पण म्हणताना तोंडात अडकतं, त्यांच्याही अडकलं. आठवडाभर गोणपाटाला रेशीम म्हणावं तसं म्हणत होते. वहिनी 'च' ऐकू आला की टेबलावर बोट आपटायच्या.

बाकी दिनचर्या. दिवसाला दहा कप चहा होता, तो एकदम तोडला तर डोकं धरतं आणि माणूस त्याचंही खापर कानावर फोडतो, म्हणून आठवड्याला एकेक कप कमी, आणि दुपारी चारनंतर नाही. चहानं हा आवाज वाढतोच असं नाही, काहींना काहीच फरक पडत नाही, पण झोप नक्की बिघडते आणि झोप बिघडली की आवाज मोठा वाटतो. तंबाखूची चंची मात्र सुटली नाही, निम्म्यावर आली. दुपारची झोप बंद, संध्याकाळी चालणं, भजन परत सुरू (पखवाजापासून लांब बसून). अंगदुखीला मनानं ॲस्पिरिन घ्यायची सवय होती, मोठ्या डोसला तीही कानात आवाज आणते, ते डॉक्टरांना विचारून बदललं. टिनिटसवर (कानातल्या या आवाजाचं डॉक्टरी नाव) म्हणून जी महागडी पुडकी आणि थेंब विकतात त्यांच्या नादी लागू नका, पैसे जातात, आवाज राहतो.

आणि माझी स्वतःची एक गोष्ट. पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत मी दार उघडलं की पहिलं विचारायचे, "मग, आवाज कसा आहे?" एकदा ते एसटीतून उतरून हसत हसत आत आले, मी विचारलं आणि डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा उतरला, मान एका बाजूला झाली, आत ऐकायला लागले. अगं बाई, म्हटलं, सकाळचं श्वास धरून तपासणं आपण सोडवतोय आणि इथं मीच तपासायला लावतेय! त्या दिवसापासून प्रश्न बदलला. आता विचारते, या आठवड्यात कधी विसरला होतात? त्याची वहीसुद्धा केली, आवाजाची नाही, विसरल्याची. पहिली नोंद होती, "तासगाव ते कवलापूर, द्राक्षाच्या भावावर शेजारच्याशी भांडण." घरच्यांनो, तुम्ही पण रोज "आज कमी आहे का?" विचारत असाल तर प्रेमानं का होईना, थांबवा.

एक गोष्ट घाईची आहे ती इथंच सांगते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर असेल, किंवा एका रात्रीत ऐकू येणं कमी झालं असेल तर समुपदेशकाकडं नाही, कानाच्या डॉक्टरकडं, त्याच दिवशी. अचानक गेलेल्या ऐकण्यावर उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची आशा जास्त असते. आणि मिरवणुकीनंतर एक-दोन दिवस वाजून बंद झालं म्हणून खूश होऊ नका, जोंधळा या वेळी उठला एवढंच.

संपतरावांचा किर्रर्र अजून आहे. वर्षभरानंतर ते महिन्यातून एखादी रात्र दारात बसतात, बाकी झोपतात. पण माग तर चालवायचेच आहेत, आणि आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही हद्द धरली तर वरच्या प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. मागाच्या खोलीत ९० च्या वरच असतं. कापूस काही अडवत नाही. म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी इअरमफ आणले, आणि ते आल्या दिवसापासून खिळ्यावर लटकतायत. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, म्हणतो, माग बिघडला ते मला कानानंच कळतं, ते झाकून कसं चालंल? मी म्हटलं सगळाच आवाज खाली येतो, बिघाडाची ठकठक त्यातूनही बहुतेक वेळा वेगळी कळते, आठवडाभर घालून तर बघा. अजून भांडण चालू आहे.

घालतो तो फक्त त्यांचा थोरला मुलगा, दिवसभर, न कुरकुरता. मला फार कौतुक वाटलं, मी तसं म्हणाले पण. तर परवा फोनवर संपतराव म्हणाले, "मॅडम, आत्ता कळलं, आतनं इअरफोन घालून गाणी ऐकतंय, आन् मागाच्या वर ऐकू यावं म्हणून फुल्ल लावतंय."

पुढच्या गुरुवारी त्याला घेऊन या म्हटलंय.