दहावीतला मुलगा आणि मेर्गेल्यानचं विसावं वर्ष

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चिरंजीव दहावीत आहेत, गणितात रमतात, आणि सोव्हिएत गणिती सर्गेई मेर्गेल्यानला विसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळाली हे वाचल्यापासून ‘अकरावी-बारावीत वेळ का घालवू?’ असा हट्ट धरून बसलेत. त्याला अडवावं की जाऊ द्यावं, हा तुमचा प्रश्न.

बारावी त्याला चुकणार नाही, ती होऊ द्या. मात्र मेर्गेल्यानची गोष्ट अर्धीच वाचून सोडू नका.

हा अर्मेनियन मुलगा १९२८ साली क्रिमियातल्या सिम्फेरोपोलला जन्मला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, आला. शाळेची शेवटची परीक्षा बाहेरून देऊन १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो येरेवान विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्याला आर्ताशेस शाहिन्यान हे शिक्षक भेटले. पुढे मॉस्कोच्या स्तेक्लोव्ह गणित संस्थेत म्स्तिस्लाव केल्डिश मार्गदर्शक मिळाले. १९४९ मध्ये प्रबंध सादर झाला तो खालच्या पदवीसाठी, पण काम इतकं मोठं होतं की थेट डॉक्टर ऑफ सायन्सेसच दिली गेली. १९५२ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं.

वय डोळ्यात भरतं, पण मला या गोष्टीतला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. गुंतागुंतीचं फंक्शन साध्या बहुपदीनं किती जवळून गाठता येतं? जर्मन गणिती वायरश्ट्रासनं १८८५ साली रेषाखंडावर याचं उत्तर दिलं. संमिश्र प्रतलावर, म्हणजे संमिश्र संख्या बिंदूंनी दाखवणाऱ्या पातळीवर, सोव्हिएत गणिती लाव्हरेंत्येव्हनं एक टप्पा गाठला आणि पुढचा टप्पा खुद्द केल्डिश यांनी. भोक नसलेल्या, बंद आणि मर्यादित अशा कुठल्याही आकृतीसाठीचं पूर्ण उत्तर १९५१ मध्ये मेर्गेल्याननं दिलं. म्हणजे गुरूनं जिथवर आणलं होतं, तिथून शिष्य पुढे गेला. वर्ष गाळण्यापेक्षा असा गुरू आणि असा प्रश्न मिळणं कितीतरी अवघड आहे, आणि तुम्ही मुलासाठी धडपडायचं ते यासाठीच.

चाचणी म्हणून या रविवारी त्याला आलेखवही द्या. उणे १ ते १ या भागात क्षच्या केवलमूल्याचा (उणे चिन्ह सोडून दिलेल्या किमतीचा) आलेख काढायला सांगा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार येईल. आता ‘क्षचा वर्ग अधिक १/८’ हा वक्र त्याच वहीत काढायला सांगा. दोघांतला फरक कुठेही १/८ पेक्षा जास्त जात नाही, आणि दोन्ही टोकांना, मधोमध शून्यावर, आणि उणे १/२ व १/२ या ठिकाणी तो बरोब्बर १/८ असतो. चौथ्या घाताची पदं घेतली तर हा फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. ती पदं त्यानं स्वतः शोधावीत. आठवडाभर तो यात गुंतून राहिला, जेवायला हाका माराव्या लागल्या, तर समजा गाडी रुळावर आहे. तासाभरात ‘उत्तर सांगा ना’ म्हणाला, तरी रागावू नका. त्याला वेळ द्या.

पुढचं थोडक्यात. गणित ऑलिंपियाडची तयारी आत्ताच सुरू करा. निवड झाली नाही तरी त्या प्रश्नांनी डोकं घडतं. पुण्यात येणं जमत असेल तर भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेत चौकशी करा. बारावीनंतर बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतला बी. मॅथ. (गणितातली पदवी), चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि आयसर या केंद्रीय विज्ञान संस्था, या तिन्हींच्या प्रवेशपरीक्षा डोळ्यांसमोर ठेवा. इंजिनिअरिंगची परीक्षाही देऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

आणि ‘गणितात पोट कसं भरणार?’ हे जे तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंत, त्याबद्दल. १९५६ साली येरेवानमध्ये गणकयंत्रांची संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा तिचा पहिला संचालक मेर्गेल्यान हाच शुद्ध गणितवाला होता, वय वर्षं अठ्ठावीस. ‘ह्राझदान’ आणि ‘नाइरी’ ही संगणकयंत्रं त्या संस्थेतून बाहेर पडली, आणि लोक तिला मेर्गेल्यान इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखत आले. मुलाला ही गोष्टसुद्धा सांगा. विसाव्या वर्षाइतकीच ती त्याच्या कामाची आहे.

महिन्याभरानं त्याची आलेखवही कितपत भरली ते मला जरूर कळवा. खाडाखोड असेल तर फाडू देऊ नका, मला तीच पाहायची आहे.