वाचकांचे प्रश्न : बॅटरीवरच्या सप्लायची शिट्टी

प्रश्न (गिरगाव) : आमच्या भजनी मंडळासाठी माइकचा छोटा प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) केला आहे. एक १८६५० लिथियम सेल, पुढे व्होल्टेज वाढवणारं एमटी३६०८ चं बूस्ट मॉड्यूल ९ व्होल्टवर लावलेलं आणि सिग्नल वाढवणारा टीएल०७२ आयसी. सगळं मिळून ८ मिलिअँपिअर करंट घेतं. स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. लॅमिंग्टन रोडवरून १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणून आउटपुटला लावला, तर शिट्टी गेली नाही, तिची घुरघुर झाली. काय चुकलं?

उत्तर : कंडेन्सर चांगलाच आहे, पण त्याच्या आधी रेझिस्टन्स हवा होता. एमटी३६०८ चालतो १.२ मेगाहर्ट्झवर, ते कोणाच्याच कानाला ऐकू येत नाही. पण ८ मिलिअँपिअर हा त्याच्यासाठी अगदीच किरकोळ लोड आहे. एवढ्याशा लोडवर तो सलग चालत नाही. चार पल्स देतो, थांबतो, व्होल्टेज जरा उतरलं की पुन्हा देतो. या चालू-बंदची फ्रीक्वेन्सी कानाच्या टप्प्यात येते आणि तीच शिट्टी. मोठा कंडेन्सर उतरायला वेळ घेतो, म्हणून सूर खाली आला. पण किती उतरल्यावर पुन्हा सुरू व्हायचं ते आयसी ठरवतो, त्यामुळे रिपलची, म्हणजे व्होल्टेजच्या या चढउताराची, उंची जवळपास तेवढीच राहिली.

मॉड्यूलचं आउटपुट १० व्होल्टवर आणा. त्याच्या प्लसमधून १०० ओहम, पाव वॉटचा रेझिस्टन्स काढा, आणि त्याच्या पलीकडे ४७० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचा कंडेन्सर ग्राउंडला लावा. ८ मिलिअँपिअरला १०० ओहमवर ०.८ व्होल्ट पडतात, म्हणजे प्रीॲम्पला ९.२ मिळतील. हा फिल्टर साडेतीन हर्ट्झच्या आसपासच कापायला लागतो. एक किलोहर्ट्झची शिट्टी शे-दोनशे पटीने खाली जाते. आयसीच्या सप्लाय पिनशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा, पाय शक्य तितके आखूड ठेवून. इतक्या कमी करंटला कॉइलचा फिल्टर किंवा ७८०९ (९ व्होल्टचा रेग्युलेटर आयसी) नको. ७८०९ ला ९ च्या वर आणखी दोन व्होल्ट लागतात आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला त्याची रिपल अडवण्याची ताकद कमी होत जाते.

दोन जागा बहुतेक जण विसरतात. सिंगल सप्लायवर १० के-१० के (१० किलोओहमचे दोन रेझिस्टन्स) लावून जो अर्ध्या व्होल्टेजचा मधला बिंदू काढतो, तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड नसेल तर सप्लायचा अर्धा रिपल थेट सिग्नलमध्ये शिरतो. माइक ‘कंडेन्सर’ जातीचा असेल तर त्याच्या कॅप्सूलला करंट देणाऱ्या वाटेवरही तसंच : आधी १ के आणि १०० मायक्रोफॅरड, मग नेहमीचा रेझिस्टन्स.

आता ग्राउंड. प्रीॲम्पचं ग्राउंड सेलच्या होल्डरवरून घेतलं असेल तर वरचं सगळं करूनही आवाज उरेल, कारण सेल ते मॉड्यूल या वायरमधून कन्व्हर्टरच्या, म्हणजे बूस्ट मॉड्यूलच्या, करंटचे हिसके जात असतात. सेलचा मायनस फक्त मॉड्यूलच्या इनपुट मायनसला जावा. प्रीॲम्पचा मायनस आउटपुट मायनसवरून, वेगळ्या वायरने घ्या. सेलच्या दोन्ही वायर पिळून आखूड ठेवा आणि इनपुटवर २२० मायक्रोफॅरड द्या. मॉड्यूलची कॉइल माइकच्या इनपुटपासून पाच-सहा सेंटिमीटर लांब असू द्या.

आणि जागा असेल तर मला खरा आवडणारा उपाय वेगळाच आहे : तीन सेल सिरीजमध्ये, प्रोटेक्शन बोर्डासकट, कन्व्हर्टर नाहीच. ९ ते १२.६ व्होल्टमध्ये टीएल०७२ आनंदाने चालतो.

प्रश्न (विक्रोळी) : १२ व्होल्टच्या बॅटरीवरून एलएम२५९६ या व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटरने ५ व्होल्ट काढतो. स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) २०० मिलिव्होल्टचे काटे, म्हणजे क्षणिक उसळ्या, दिसतात. पुढे १० मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरड सिरॅमिकचा फिल्टर लावला. काटे कमी झाले, पण लोड बदलला की व्होल्टेज डोलतं.

उत्तर : आधी काटे खरे आहेत का ते पाहा. प्रोबचं टोक आणि त्याची मगर-क्लिप दोन्ही एकाच ग्राउंड बिंदूवर लावा. तरीही काटे दिसले, तर ते क्लिपच्या लांब वायरने हवेतून पकडलेले आहेत. क्लिप काढा, प्रोबच्या नळीला स्प्रिंग किंवा तारेचा आखूड तुकडा गुंडाळून थेट कंडेन्सरच्या दोन पायांवर मोजा. स्कोप एसी कपलिंगवर, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ.

डोलणं मात्र खरं आहे. तुमचा फिल्टर १६ किलोहर्ट्झला घुमतो (रेझोनन्स). सिरॅमिकमध्ये अंगचा रेझिस्टन्स जवळजवळ नसल्याने ते घुमणं थांबवणारं कोणी नाही. सिरॅमिकला समांतर ४७ ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, त्याच्या सिरीजमध्ये १ ओहम. हा १ ओहम अंदाजाचा नव्हे : इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ. सिरॅमिकवर व्होल्टेज चढलं की त्याची किंमत घटते, लहान साइझमध्ये तर बरीच, म्हणून दुप्पट व्होल्टेजचा किंवा मोठ्या साइझचा घ्या. फीडबॅक, म्हणजे रेग्युलेटर आपलं आउटपुट जिथून तपासतो ती जोडणी, फिल्टरच्या आधीच राहू द्या. मॉड्यूलवरचा मूळ इलेक्ट्रोलिटिक काढून तिथे सिरॅमिक बसवण्याचा मोह टाळा. एलएम२५९६ च्या फीडबॅक लूपला त्या कंडेन्सरचा अंगचा रेझिस्टन्स लागतो, नाहीतर रेग्युलेटरच ऑसिलेट होतो.

प्रश्न (परळ) : बॅटरीवर प्रीॲम्प शांत असतो, पण चार्जर लावला की गुणगुण येते आणि माइकच्या जाळीला हात झिणझिणतो.

उत्तर : दोन पिनच्या चार्जरमध्ये मेन्स आणि आउटपुट यांच्या मध्ये एक छोटा कंडेन्सर असतो. त्यातून झिरपणारा करंट केबलच्या शील्डमधून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जातो, आणि त्याचीच गुणगुण ऐकू येते. चार्जिंग आणि प्रीॲम्प यांच्यात टू-वे स्विच टाका, म्हणजे एका वेळी एकच चालेल. झिणझिण्या जोरदार असतील तर तो चार्जर आजच बाजूला काढा. स्वस्त चार्जरमध्ये तिथे मेन्ससाठीचा सेफ्टी कंडेन्सर नसून साधा बसवलेला असू शकतो, आणि तो शॉर्ट झाला तर जाळीवर २३० व्होल्ट येतात.