घर आणि ऑफिस एकदम रिकामं करायचंय. जुनं सामान पर्यावरणाचं नुकसान न करता कसं काढावं?

फ्रिज, तीन संगणक, एक प्रिंटर, फायलींची दोन कपाटं, खुर्च्या-टेबलं, गाद्या आणि ‘बाकी किरकोळ’ अशी तुमची यादी आहे. एक जण सगळं एका फेरीत उचलायला तयार आहे, तर त्याला देऊन मोकळं व्हावं का, असं विचारलंय. माझं उत्तर : नका देऊ. निदान एका फेरीत तरी नका.

हे हात पोळल्यावर सांगतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसचा एक मजला रिकामा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुदत डोक्यावर आली होती, म्हणून सगळं एकाच गाडीत कोंबलं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. वाटेत त्यातला बर्फ वितळला आणि पाणी खालच्या फायलींच्या गठ्ठ्यांत मुरलं. प्रिंटर आडवा टाकलेला होता, त्याच्या टोनरची काळी भुकटी खुर्च्यांच्या कापडावर सांडली. सामान उतरवताना मी तिथेच उभा होतो. सकाळपर्यंत जी चांगली रद्दी होती आणि ज्या खुर्च्या कुणीही वापरल्या असत्या, ते सगळं माझ्यासमोर कचऱ्याच्या ढिगावर गेलं.

त्यामुळे माझा भर एकाच गोष्टीवर आहे. सामान घरात असतानाच वेगळं करा. पुढे कुणी ते निवडत बसत नाही, कारण निवडायला मजुरी लागते आणि मिसळलेल्या मालातून ती सुटत नाही. कोरडा कागद, लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम यांना सुटं सुटं दिलं तर गिऱ्हाईक आहे. ॲल्युमिनियमचंच घ्या : खनिजापासून नवं बनवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण 5 टक्क्यांत जुनं वितळवून होतं.

पहिली चाळणी मात्र वापराची लावा. जी वस्तू ओळखीच्या माणसाला द्यायला लाज वाटणार नाही, ती आहे तशी पुढे द्या. लाज वाटत असेल तर देणगीच्या नावाखाली ती संस्थेच्या दारात ठेवू नका. ती फेकायचा खर्च त्यांनाच पडतो. (फाटके कपडे ‘गरजूंसाठी’ देणाऱ्यांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.)

संगणक, फोन आणि त्यांच्या गोतावळ्यात सर्वांत जास्त चुका होतात. जगभरात 2022 या एका वर्षात सुमारे 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. बाकीच्यातला बराचसा अशा ठिकाणी पोचतो जिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात आणि ती जाळणाऱ्याच्याच छातीत जातात. वास्तविक त्या कचऱ्यात मोलाचा ऐवज असतो. टोकियो 2020 ऑलिंपिकची सगळी पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या फोन-संगणकांतून काढलेल्या धातूंची होती. सोनंच सुमारे 32 किलो निघालं.

तुमच्या तीन संगणकांसाठी आधी माहितीचं बघा. ‘फॉरमॅट केलं’ म्हणजे माहिती गेली, हा गैरसमज आहे. झटपट फॉरमॅटमध्ये अनुक्रमणिका तेवढी फाटते, पानं जागेवरच राहतात. जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण नवं लिखाण करून घ्यावं. एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, तो उपाय भरवशाचा नाही, कारण ती लिखाण कुठल्या कप्प्यात करायचं ते स्वतःच बदलत असते. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची सोय वापरा. फोनमधून स्वतःच्या खात्यातून बाहेर पडायला विसरू नका. खातं तसंच राहिलं तर कुलूप लागलेला धडधाकट फोन पुढच्याला उघडताच येत नाही आणि तो सुट्या भागांसाठी मोडला जातो. शिवाय ऑफिसच्या मोठ्या प्रिंटर-कॉपियरमध्येही बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या कागदांच्या प्रती तिच्यात साठलेल्या असू शकतात. हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हातोडीने डिस्क फोडायचा मोह आवरा. फोडली की ती पुन्हा वापरता येत नाही आणि तुकडे सांभाळणं हे आणखी एक काम होऊन बसतं. संगणकाबरोबर त्याचा चार्जर सुतळीने बांधून द्या. चार्जरविना लॅपटॉप चालू आहे की बंद, हेही समोरच्याला तपासता येत नाही.

बॅटऱ्या कुठल्याच ढिगात जाऊ देऊ नका. ड्रॉवर, रिमोट, खेळणी, सगळीकडे हात घालून बघा. लिथियमची बॅटरी गाडीत किंवा कचरा दाबणाऱ्या यंत्रात चेपली गेली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते आणि ती आग पाण्यानेही सहज विझत नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात ठेवा. फुगलेली बॅटरी असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. वाळू घातलेल्या धातूच्या डब्यात, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवून आधी तीच रवाना करा.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून त्या न फोडता खोक्यातच ठेवायच्या. फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जा आणि तुकडे पुठ्ठ्याने गोळा करा. झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर नको, त्याने पारा आणखी पसरतो. टोनरच्या भुकटीलाही घरचा व्हॅक्युम चालत नाही. ती इतकी बारीक असते की गाळणीतून निसटून हवेत उडते.

कागदाचं काम त्या मानाने सोपं, पण कंटाळवाणं. कोरडा ठेवा एवढंच खरं पथ्य. स्टेपलच्या पिना काढत बसू नका, गिरणीत त्या वेगळ्या होतात. बॉक्स फाइलच्या लोखंडी पट्ट्या मात्र काढा. लॅमिनेशन केलेले कागद, कार्बन पेपर आणि यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या रद्दीत घालू नका. आणि सरसकट सगळं श्रेडरमध्ये घालू नका. कागदाचा तंतू साधारण 5 ते 7 वेळा पुन्हा वापरता येतो, कारण दर फेरीला तो आखूड होत जातो; श्रेडर तेच काम एका झटक्यात करतं, आणि बारीक चिंध्या निवडणीच्या चाळण्यांतून खाली पडतात. नावं, सह्या, खाते क्रमांक असलेली पानं तेवढी श्रेडरला द्या.

फर्निचरमध्ये लोखंडी कपाटाला मरण नाही, फक्त किल्ल्या हरवू देऊ नका. सनमायका चढवलेल्या भुशाच्या फळ्यांची टेबलं एकदा उघडली की स्क्रू पुन्हा धरत नाहीत, म्हणून ती न खोलता अख्खीच द्या. मोडलेल्या भुशाच्या फळीचा पुनर्वापर अवघड असतो, कारण तिच्यात लाकडाबरोबर चिकटाही मिसळलेला असतो. फिरत्या खुर्चीच्या दांड्यात दाबलेला वायू असतो, तो कापायला जाऊ नका. गाद्यांचं खरं सांगायचं तर स्वच्छ असतील तरच कुणी घेईल. नाहीतर स्प्रिंगा लोखंडात जातील आणि फोमचं फारसं काही होणार नाही.

उचलायला येणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : ‘यातलं जे तुम्हाला नको असेल, ते तुम्ही कुठे टाकता?’ घेण्याबद्दल सगळेच उत्साहाने बोलतात. या प्रश्नाला जो ठिकाणाचं नाव घेऊन उत्तर देतो, तो मला विश्वासाचा वाटतो. ई-कचऱ्याची पावती मागा आणि तिच्यावर यंत्रांचे अनुक्रमांक लिहून घ्या. ‘परदेशात पाठवतो’ असं कुणी म्हणालं तर कान टवकारा. घातक कचरा एका देशातून दुसऱ्यात नेण्यावर बंधनं घालणाऱ्या 1989 च्या बाझल करारातल्या नव्या दुरुस्तीनुसार 1 जानेवारी 2025 पासून सगळ्याच ई-कचऱ्याला, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते.

राहिला फ्रिज. जुन्या फ्रिजमधला आर-12 वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 10,000 पट ऊब धरतो आणि ओझोनचा थरही खातो. नंतर आलेला आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण ऊब हजार पटींहून जास्त धरतोच. नव्यांत बहुधा आयसोब्युटेन असतो, तो ज्वलनशील. म्हणजे कुठलाही असला तरी तुमच्या दारात कुणाला नळी कापून कॉम्प्रेसर काढू देऊ नका, तांब्याच्या मोहापायी लोक ते करतात. जो वायू आधी यंत्राने ओढून घेतो, त्यालाच द्या. फ्रिज काही दिवस बाहेर पडून राहणार असेल तर त्याचं दार काढून ठेवा, लपाछपी खेळताना मुलं आत अडकतात. न्यायचा उभाच, स्वतंत्र फेरीत आणि शेवटच्या दिवशी. तोपर्यंत तो तुम्हालाही लागणारच आहे. आदल्या दिवशी बटण बंद करून दार उघडं ठेवा आणि खाली जुनी चादर पसरा. पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट निघतं.