कॉफीला थांबत जा

अगं, इथं अमेरिकेत रविवारी एपिस्कोपल चर्चमध्ये बाकावर बसलीस की समोरच्या खणातलं 1979 चं प्रार्थनापुस्तक घे आणि 355 पान उघड. प्रभुभोजनाची उपासना तिथून सुरू होते. आपण सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलेल्या, एपिस्कोपल चर्चही त्याच अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नातं सांगणाऱ्या गोतावळ्यातलं. क्रम ओळखीचा वाटेल. भाकर घ्यायची नसेल तर हात छातीवर दुमड, पाळकबाई नुसता आशीर्वाद देतील.

खरी ओळख मात्र नंतरच्या कॉफीला होते. मी पहिले तीन महिने शेवटचं गीत संपलं की सटकायचे, आणि वर तक्रार, की इथं कोणी विचारत नाही! मग एकदा कप विसळायला उभी राहिले. एका आजींनी पुसायला फडकं दिलं, नाव विचारलं. पुढच्या रविवारी लांबूनच हाक.

समित्यांत लगेच शिरू नकोस. शनिवारी फूड पँट्रीत ये, तिथं गरजूंना फुकट शिधा देतात. डब्यांवरची तारीख बघायची, फुगलेला डबा सरळ फेकायचा. मी उत्साहानं पाच किलो तूरडाळ नेली होती, महिनाभर फळीवरून हलली नाही. लोकांना पीनट बटर, टूना, डायपर हवे असतात. पिशवी आपल्या मनानं भरू नकोस, त्यांना निवडू दे. आणि ‘रविवारी चर्चला येता का?’ हे रांगेत कुणालाही विचारायचं नाही. जेवणाला अट नसते.

वर्षाच्या देणगीचं कार्ड शरदात हाती पडेल. झेपेल तोच आकडा लिही.

हो, आणि सहभोजनाला पोहे आणलेस तर शेंगदाण्यांची चिठ्ठी लाव. इथं अ‍ॅलर्जीवाले बरेच आहेत.