‘मिक्सरचे कार्बन बदलतो, पण दहावी राहिलीय’

प्रश्न : ताई, माझा भाचा १८ वर्षांचा आहे, बहीण गेल्यापासून गोवंडीला आमच्याकडेच असतो. सोळाचा असताना पोरांच्या नादाला लागून मोबाइल चोरीत सापडला, डोंगरीच्या सुधारगृहात तीन महिने काढले, मग दहावीत गणित आणि विज्ञान राहिलं ते राहिलंच. पण हात चांगलाय हो. परवा मिक्सर नुसता घरघरायला लागला तर आवाजावरनंच म्हणाला मोटरचे कार्बन ब्रश गेलेत, आणि आणून बसवले पण. इकडचे एक क्लासवाले ४५ हजार मागतायत, सहा महिन्यात इलेक्ट्रिशियन, नोकरीची गॅरंटी. भरू का? आणि त्या केसमुळे पुढे अडेल का?
– एक मावशी, गोवंडी

उत्तर : ताई, ४५ हजार अजिबात भरू नका. गॅरंटी लेखी द्या म्हणा, मग बघा कसे गप्प होतात. सरकारी आयटीआय आहे ना, कुर्ला, मुलुंड तुम्हाला जवळच. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागतं पण वायरमन दोन वर्षांचा आणि वेल्डर एक वर्षाचा, हे दहावी नापासलाही मिळतात, आणि वयाला वरची अट नाही. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन फॉर्म निघतात, शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जातीचा असेल तर तोही, ऐनवेळी सगळे दाखल्यापाशीच अडकतात.

केसचं टेन्शन सोडा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ हेच सांगतं की लहानपणीच्या अशा केसमुळे मुलगा कशालाच अपात्र ठरत नाही. (सोळाच्या पुढच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालला असेल तर वेगळं, मोबाइल चोरीत तसं होत नाही.) म्हणून कुणी विचारलं नसताना तुम्ही स्वतःहून सांगत बसू नका, आपल्या बायकांना ती सवय असते, आधीच माफी मागायची.

मला खरी काळजी हजेरीची वाटते. परीक्षेला बसायला ८० टक्के लागते आणि पोरं दोन-तीन महिन्यात गळतात, कारण बाहेर रोजचे पाचशे मिळत असतात आणि इथे शिकताना तेवढी कमाई नसते. तेव्हा संध्याकाळी ओळखीच्या वायरमनच्या हाताखाली पाठवा, खिसाही चालेल. ते दोन विषय मात्र पुरवणीला सोडवून घ्या, दहावी झाली की दोन वर्षांच्या आयटीआयवर इंजिनीअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि आवाजावरनं कार्बन ओळखले ना, विज्ञानाचं पुस्तक काढाल तेव्हा विजेच्या धड्यापासनं सुरू करा.