पुण्याहून एका दिवसात राणीची बाग : लहान मुलांसह आखणी कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, चार आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन पुण्याहून एका दिवसापुरते यायचे असल्यास राणीच्या बागेत पेंग्विनखेरीज दिवसभर पुरेल असे काही आहे का. आहे, आणि भरपूर आहे; मात्र ते केवळ पिंजऱ्यांत शोधू नये, असे भायखळ्याचा जुना रहिवासी या नात्याने माझे मत आहे. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाणारी ही बाग १८६२ मध्ये खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले आणि लोकांच्या मनात तेच ठसले, त्यामुळे पिंजरे मोजत फिरणारी बहुतेक कुटुंबे मुंबईतल्या सर्वांत देखण्या वृक्षांखालून मान वर न करता निघून जातात.

तरीही आरंभ पेंग्विनपासूनच करावा, कारण मुलांचे चित्त तेथेच गुंतलेले असते आणि दुपारकडे रांग वाढत जाते. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यांवरचे असून २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातील सोलहून येथे आणले गेले. मुलांनी बर्फाची अपेक्षा ठेवलेली असते, म्हणून हे बर्फावर राहणारे पेंग्विन नव्हेत, हे गाडीतच सांगून ठेवावे. गर्दीच्या दिवशी काचेपुढे फार वेळ थांबू देत नाहीत, तेव्हा शनिवार-रविवार टाळता आला तर अवश्य टाळावा. बुधवारी बाग बंद असते. परंतु बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली की बाग सुरू ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, ही गोष्ट बाहेरगावच्या मंडळींना हमखास चकवते.

त्यानंतर पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात आतून चालत जाता येते, तेथे धाकट्याला मोकळे सोडावे आणि मग झाडांकडे वळावे. गोरखचिंच शोधायला अवघड नाही. मूळच्या आफ्रिकेतल्या या झाडाचे खोड इतके फुगीर असते की आपण चौघांनी हात जोडून कवेत घ्यायचे म्हटले तरी बहुधा घेर पुरा होणार नाही, आणि मुलांना हा खेळ वाघापेक्षा जास्त वेळ पुरतो. याच्या फुलांवर रात्री वटवाघळे येतात, हे ऐकून थोरल्याचे प्रश्न सुरू होतील, त्याची तयारी ठेवावी. कैलासपतीचे झाड मात्र मुलांना अगदी जवळून दाखवावे. त्याची फुले फांद्यांच्या टोकांना न येता खोडातूनच फुटलेल्या लोंबत्या दांड्यांवर येतात. जाड पाकळ्या आतून लालसर-गुलाबी असतात आणि पुंकेसरांचा झुबका नागाच्या फण्यासारखा मध्यावर वाकलेला असतो. खाली पडलेले ताजे फूल तळहातावर ठेवून मुलांना त्याचा वास घेऊ द्यावा. त्याच खोडावर तोफगोळ्यांएवढी फळे लटकतात, म्हणून झाडाखाली बसकण मारू नये. हिवाळ्यात येणार असाल तर म्यानमारहून आलेल्या उर्वशी या झाडाचे लाल तुरे दिसण्याची शक्यता असते. मे महिन्यातील उकाडा लहान मुलांना सोसत नाही, तेव्हा एरवीही डिसेंबर-जानेवारीच उत्तम.

इतिहासाची गोडी लावायची असल्यास बागेलाच लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती पुरेसा आहे. हा हत्ती घारापुरी बेटावरचा असून त्याच्यामुळेच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना खाली पडून फुटला, म्हणून येथेच राहिला आणि पुढे तुकडे जोडून उभा करण्यात आला. सांधे कोठे आहेत ते मुलांना शोधायला सांगावे. ज्याच्यामुळे दक्षिण मुंबईतल्या एका भागाला काळा घोडा हे नाव रूढ झाले, तो एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये येथेच हलवण्यात आला. खुद्द संग्रहालय १८७२ पासूनचे आहे आणि त्याचे तिकीट वेगळे असते. जुन्या मुंबईच्या प्रतिकृती व मातीची छोटी चित्रे थोरल्याला आवडतील. चार वर्षांच्या मुलाला मात्र काचेची कपाटे फार वेळ रिझवत नाहीत, तेव्हा एकाने आत जावे आणि दुसऱ्याने धाकट्याला घेऊन बाहेर सावलीत बसावे. तारांगण आणि गेटवे त्याच दिवसात कोंबण्याचा आग्रह मला तरी पटत नाही.

प्रवासाचे म्हणाल तर पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने दादरला उतरून धिम्या लोकलने भायखळा गाठावे. स्थानकाच्या पूर्वेकडून बाग चालण्याच्या अंतरावर आहे. परतीला डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी ५:१० ला सुटते. ती दादरला पकडण्यापेक्षा भायखळ्याहून उलट सीएसएमटीला जाऊन सुरुवातीलाच बसावे, म्हणजे मुले व सामान घेऊन धक्काबुक्की करावी लागत नाही. त्यासाठी बागेतून चारच्या आत बाहेर पडावे आणि पुण्याच्या आरक्षणाचे काम मुलांना बेत सांगण्याआधीच उरकून घ्यावे.