पार्लरमध्ये ग्राहकाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे तर "टाकू का?" एवढं विचारणं पुरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला दोन खुर्च्यांचं पार्लर आहे, केराटिन (केस मऊ-सरळ करायची ट्रीटमेंट) आणि कलरचे बिफोर-आफ्टर फोटो टाकता, त्याआधी "टाकू का ताई?" विचारता. तेवढ्यावर भागतं, की लिहून घ्यावं?

लिहून घ्या. पण त्याआधी हा प्रश्नच बदला. "टाकू का" ला आलेल्या "हो"चा अर्थ प्रत्येकीच्या मनात वेगळा असतो. एकीला वाटतं स्टेटसला लागेल आणि उद्या जाईल. दुसरीला वाटतं नुसते केस दिसतील. तुम्ही टाकता चेहऱ्यासकट रील, वर गाणं. मग रात्री दहाला फोन: "सासऱ्यांनी बघितलं, आधी काढा."

म्हणून चेहरा दिसला तर चालेल की पाठमोराच, हे वेगळं विचारा. नाव घालायचं का, टॅग करायचं का, तेही वेगळं. सगळ्यात जास्त भांडणं 'बिफोर'वरून होतात. आफ्टर कोणालाही आवडतो; पण बोअरच्या पाण्यानं राठ झालेले केस, रुंदावलेला भांग, कानामागची पांढरी बट गावाला दाखवायला कितीजणी तयार होतील? बिफोरला स्वतंत्र "हो" हवा. आणि जागा: व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टाग्राम, गूगलवरचं दुकानाचं पान, पैसे भरून चालवलेली जाहिरात, दारावरचा फ्लेक्स. पोस्ट निघते, फ्लेक्स वर्षभर ऊन खात तिथंच असतो.

अर्ध्या पानाचा कागद छापून घ्या, मजकूर साधारण असा: "माझे फोटो/व्हिडिओ खाली खूण केलेल्या ठिकाणीच वापरायला संमती देते. पाठमोरा: हो/नाही. चेहरा: हो/नाही. कामाआधीचा फोटो: हो/नाही. नाव किंवा टॅग: हो/नाही. स्टेटस, इन्स्टाग्राम, गूगल, जाहिरात, फ्लेक्स: प्रत्येकापुढे हो/नाही. ही संमती कधीही मागे घेता येईल, या नंबरवर मेसेज पुरे. नाही म्हटल्यास कामात किंवा दरात फरक पडणार नाही." खाली तारीख, सही. आधीच 'हो'वर खूण करून कागद पुढं सरकवू नका. वाचता येत नसेल तिला वाचून दाखवा आणि तिच्याच फोनवरून तुमच्या नंबरला व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा. उर्दू वाचणाऱ्या ग्राहक येत असतील तर उर्दूतही प्रत ठेवा.

कागद एप्रन बांधायच्या आधी द्यायचा. डोक्याला ब्लीच, फॉइल गुंडाळलेले, अशा अवस्थेत बसलेली बाई नाही म्हणतच नाही, कारण तिचे केस तुमच्या हातात असतात. काम झाल्यावर जो फोटो जाणार तोच तिला मोबाइलवर दाखवा. तेव्हा ती कचरली तर कागदावर सही असली तरी टाकू नका. फोटोच्या बदल्यात सूट द्यायची पद्धत मला पटत नाही. शंभर रुपयांसाठी दिलेला होकार घरी पोचेपर्यंत फिरतो.

कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीबाबतच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमती मोकळेपणी दिलेली, ठरावीक कामापुरती हवी आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, हे त्यात स्पष्ट आहे. सवय आत्ताच लावून घ्या.

लातूरला एक गोष्ट खास सांभाळायची: क्लासच्या मुली. अकरावी-बारावीच्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या, आईवडील तिकडं उदगीर नाहीतर अहमदपूरला. या कायद्यात १८ वर्षांखालचं म्हणजे लहान मूल, संमती पालकांची लागते. मुलीनं सही केली, सोबतची मैत्रीण "टाका हो मॅडम" म्हणाली, त्याला अर्थ नाही. आईला किंवा वडिलांना फोन करून नीट सांगा, त्यांच्या नंबरवरून लेखी मेसेज मागवा. एवढी खटपट नको असेल तर त्या मुलींचे फोटो टाकूच नका. मी हेच सुचवेन.

नवरीचं विचारणं बुकिंगचे पैसे घेतानाच उरका. लग्नाच्या सकाळी अंबाडा घालताना कोण कागद वाचणार? लग्न लागायच्या आत काही टाकायचं नाही, हेही तेव्हाच ठरवा. फोटोग्राफरनं काढलेले फोटो हवे असतील तर नवरीकडच्यांना आणि फोटोग्राफरला, दोघांनाही विचारा. साडी नेसवतानाचं शूटिंग मात्र कोणी हौसेनं सांगितलं तरी नको.

आता आरसा. पाठमोरा फोटो काढला, चेहरा नाही म्हणून निर्धास्त राहिलात, आणि समोरच्या आरशात तिचा पूर्ण चेहरा! शिवाय शेजारच्या खुर्चीवर बुरखा काढून बसलेल्या बाई, त्यांना तर कोणी विचारलेलंही नाही. खुर्ची फिरवून पाठ खिडकीकडं करा, फोटोत तिच्या पलीकडं दिसणाऱ्या बाजूला साधा पडदा लावा. उजेडही चांगला पडतो, रंगाच्या छटा खऱ्या दिसतात. व्हिडिओचा मूळ आवाज बंदच करा, मागच्या गप्पांत कोणाचं काय काय निघतं.

शेवटी एक वही: तारीख, नाव, कशाला हो, कुठं टाकला. "काढा" असा मेसेज आला की त्याच वहीतून एकेक जागा खोडत जा. इन्स्टाग्रामवरून काढल्यानं फेसबुकवर गेलेली प्रत निघत नाही, हायलाइट्स (प्रोफाइलवर जपून ठेवलेल्या स्टोरी) वेगळे बघावे लागतात, आणि 'अलीकडे हटवलेले'मध्ये पोस्ट ३० दिवस पडून असते, तिथूनही काढा. मदतनीस मुलीच्या मोबाइलमधला फोटो हमखास विसरतो. हा घोळ नकोच असेल तर फोटो दुकानाच्या एकाच फोनवर काढायचे.